काशीहून आळंदीस परत

ईश्वरी आज्ञा झाली आणि माणूस संकटांतून सुटला, अशा कथा सर्वच धर्मांत आहेत. त्या ऐकावयास गोड आणि सांगावयास सोप्या असतात. परंतु आज्ञेनें माणसास संकटांतून बाहेर न काढतां, ज्या ठिकाणाहून तो एकदां निघून गेला होता त्याच ठिकाणीं, आणि पहिल्यापेक्षां वाईट स्थितींत, परत नेऊन उभें केलें, अशी कथा आली म्हणजे कथेकरीही जरा घाईनें पुढें सरकतात. महाराष्ट्रांत अशी एक कथा घरोघर ठाऊक आहे. ती ज्ञानेश्वरांच्या वडिलांची. कीर्तनांत ती मुख्य आख्यानाची प्रस्तावना म्हणून येते. १९४० सालच्या प्रभात कंपनीच्या ‘संत ज्ञानेश्वर’ या बोलपटानें तिला रुपेरी पडद्यावरही आणलें. तथापि ऐकणाराचें मन पैठणच्या रेड्याकडे आणि चालणाऱ्या भिंतीकडे लागलेलें असतें. विठ्ठलपंत मागें राहतात, आणि रुक्मिणीबाई तर त्यांच्याही मागें.

ही हकीकत इतिहास म्हणून कितपत धरावी, हें आरंभींच सांगितलेलें बरें. तिचा आधार म्हणजे नामदेवांच्या नांवावर असलेले ‘आदि’ प्रकरणाचे अभंग आणि महीपतींचे ग्रंथ. महीपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ सालचा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ सालचा. म्हणजे घडलेल्या गोष्टीनंतर सुमारें पांचशें वर्षांनीं झालेलें तें लेखन आहे. चौघां भावंडांच्या जन्मशकांतही एकमत नाहीं. एका परंपरेनें निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ म्हणजे १२७३ सालचा व ज्ञानदेवांचा १२७५ चा. जनाबाईंच्या नांवावरील अभंगाप्रमाणें तो अनुक्रमें शके ११९० व ११९३, म्हणजे १२६८ व १२७१ असा येतो. तपशील असे डळमळीत आहेत. कथेचा गाभा मात्र सर्वत्र एकच आहे, आणि महाराष्ट्रानें तो गाभा सहाशें-सातशें वर्षें जपून ठेवला, ही गोष्ट स्वतःच विचार करण्यासारखी आहे.

विठ्ठलपंत पैठणजवळच्या गोदातीरावरील आपेगांवच्या कुलकर्ण्यांच्या घरांतले. वडील गोविंदपंत, आई निराबाई. घरांत नाथपंथाचा संस्कार होता असें सांगतात. शास्त्राध्ययन झाल्यावर तरुण विठ्ठलपंत तीर्थयात्रेस निघाले. द्वारका, त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर अशी यात्रा करीत ते इंद्रायणीकांठच्या आळंदीस आले. तेथील कुलकर्णी सिधोपंत यांनीं आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. पुढें आपेगांवीं आईबाप वारले, संसारांत लक्ष लागेना, घरांत कांहीं शिल्लक राहीना. तेव्हां सिधोपंतांनीं मुलीस व जांवयास आळंदीस आणून ठेवलें. मूल झालेलें नव्हतें. विठ्ठलपंतांना संन्यासाची ओढ लागली होती, आणि ते पत्नीजवळ वारंवार अनुज्ञा मागत होते. संततीवांचून संन्यास नाहीं, असें सासरे सांगत. अखेर एके दिवशीं रुक्मिणीबाईंचें चित्त दुसरीकडे असतां विठ्ठलपंतांनीं पुन्हां विचारलें, कांहीं चरित्रांप्रमाणें ‘गंगास्नानास जातों’ एवढेंच म्हटलें, आणि त्यांच्या तोंडून ‘जा’ असा शब्द निघाला. तेवढी अनुज्ञा मानून विठ्ठलपंत काशीस गेले. तेथें गुरूंनीं घरची विचारपूस केली तेव्हां मागें बायकामुलें कोणी नाहींत, असें त्यांनीं सांगितलें, आणि चैतन्याश्रम हें नांव घेऊन ते संन्यासी झाले.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें बोलली पाहिजे. हा संन्यास एका असत्यावर उभा होता. विठ्ठलपंतांची विरक्ति खरी नव्हती असें म्हणण्यास कांहींही आधार नाहीं. पण खऱ्या विरक्तीसाठीं त्यांनीं खोटी वाट धरली. कानांवर पडलेला एक बेसावध शब्द म्हणजे संमति नव्हे, हें त्यांना कळत नव्हतें असें मानवत नाहीं.

संन्यास घेणें म्हणजे भगवीं वस्त्रें नेसणें एवढेंच असतें तर पुढचें कांहींच घडलें नसतें. संन्यास घेणारा प्रथम श्राद्धें करतो, आणि त्यांत स्वतःचेंही श्राद्ध असतें. विरजाहोम करून, शेंडी व जानवें टाकून, प्रैषमंत्राचा उच्चार करून तो या लोकांतून उठतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीनें पूर्वीचा तो माणूस मेला. त्याचा वृत्तीवरचा हक्क गेला, घर गेलें, नातें गेलें. इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनींही संन्यास हा व्यवहारापुरता मृत्युच मानला. जो मेला त्याच्या पत्नीनें काय करावयाचें? ती विधवा नव्हे, कारण पति देहानें जिवंत आहे. सधवा म्हणावें तर पति परत येणार नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें पति किंवा पत्नी संसार सोडून धार्मिक पंथांत गेल्यास दुसऱ्या पक्षास घटस्फोट मागण्याचा अधिकार दिला. तेराव्या शतकांतील रुक्मिणीबाईंपुढें असें कोणतेंही दार नव्हतें. त्यांनीं एकभुक्त राहून, इंद्रायणीचें स्नान करून अश्वत्थाच्या प्रदक्षिणा सुरू केल्या. हें व्रत बारा वर्षें चाललें असें सांगतात. बारा हा आंकडा अशा कथांत ठरल्यासारखा येतो. परंतु दिवस मोजणाऱ्या बाईस तो कमीच वाटला असेल.

मग काशीचे गुरु रामेश्वराच्या यात्रेस निघाले आणि वाटेंत आळंदीस उतरले. या गुरूंच्या नांवाविषयीं परंपरेंत मोठा गोंधळ आहे. कोणी त्यांना रामानंद म्हणतात, कोणी श्रीपादस्वामी, कोणी नृसिंहाश्रम. कबीरांचे गुरु म्हणून प्रसिद्ध असलेले रामानंद ते हे नव्हत, कारण त्यांचा काळ नंतरचा आहे. नांव कांहीं असो. पिंपळाखालीं एका तेजस्वी यतीस पाहून रुक्मिणीबाईंनीं नमस्कार केला, आणि यतींच्या तोंडून नेहमींचा आशीर्वाद निघाला: पुत्रवती हो. रुक्मिणीबाईंना हसूं आलें. त्या हसण्यांत काय होतें, हें महीपतीही फारसें उलगडत नाहींत. यतींनीं कारण विचारलें, सर्व हकीकत कळली, आणि काशींतला आपला चैतन्याश्रम तो हाच, हें त्यांच्या ध्यानांत आलें.

यानंतर जें घडलें त्यांतील एक बारकावा सहज निसटून जातो. प्रथम परत फिरले ते गुरु. रामेश्वराची यात्रा त्यांनीं तेथेंच सोडली. एका स्त्रीचा संसार आपल्या हातून मोडला आहे, आणि तो दोष घेऊन रामेश्वराचें दर्शन घेण्यांत अर्थ नाहीं, असें त्यांना वाटलें असावें. कांहीं चरित्रांप्रमाणें सिधोपंत व रुक्मिणीबाई यांना बरोबर घेऊनच ते काशीस गेले. तेथें शिष्यास समोर बोलावून त्यांनीं खरें वदवून घेतलें आणि आज्ञा केली कीं, पत्नीचा स्वीकार कर आणि स्वदेशीं जाऊन गृहस्थाश्रम चालव.

गुरुआज्ञेस वारकरी आणि नाथ या दोन्ही परंपरांत ईश्वराच्या वाणीहून निराळें समजत नाहींत. म्हणून विठ्ठलपंतांपुढें जो प्रसंग आला, तो एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा सल्ला मानावा कीं न मानावा, एवढा सोपा नव्हता. देवच आपल्याला मागें फिर म्हणतो आहे, असें त्यांना ऐकूं आलें. आणि त्याच देवाचें म्हणून मानलेलें शास्त्र सांगत होतें कीं, मागें फिरतां येत नाहीं.

दोन्ही बाजू समजून घेतल्यावांचून या प्रसंगाचें वजन कळत नाहीं. गुरूंच्या बाजूस शास्त्र मुळींच नव्हतें असें नाहीं. ऋषि, देव आणि पितर यांचीं तीन ऋणें फेडून मग मोक्षाकडे मन लावावें, ऋणें न फेडतां जो तसें करील तो खालीं जातो, असें मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे. विठ्ठलपंतांचें पितृऋण राहिलें होतें, पत्नीची संमति खरी नव्हती, आणि दीक्षा असत्य सांगून घेतली होती. दुसऱ्या बाजूस जाबाल उपनिषदाचें मत असें कीं, ज्या दिवशीं वैराग्य होईल त्याच दिवशीं संन्यास घ्यावा. म्हणजे घेतलेला संन्यास अगदींच पोकळ ठरत नव्हता. आणि एकदां घेतलेल्या संन्यासांतून उतरतां येत नाहीं, याविषयीं तर फारच कडक निर्णय होता. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादांत या प्रश्नाची चर्चा आहे. वरच्या आश्रमांतून खालच्या आश्रमांत येणें नाहीं, आणि जो आला त्यास शिष्टांनीं बाहेर ठेवावें, असा तिचा निष्कर्ष आहे. अशा माणसास ‘आरूढपतित’ म्हणत: चढला आणि पडला. त्याच्या संततीचीही गणना बहिष्कृतांतच होई. संन्यासांत शिरण्याचे विधि होते, मंत्र होते. बाहेर येण्याचा विधि एकही नव्हता. त्यामुळें विठ्ठलपंत परत आले ते केवळ एका शब्दावर, आणि तो शब्द उच्चारणारा काशीस राहिला होता.

काळही अनुकूल नव्हता. देवगिरीस यादवांचें राज्य होतें. महादेवराय व रामचंद्रराय यांच्या दरबारीं हेमाद्रि पंडितांनीं ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रतें, दानें, श्राद्धें यांच्या निर्णयांचा प्रचंड ग्रंथ रचला, तो याच काळांत. अमुक तिथीस अमुक करावें, अमुक चुकल्यास अमुक प्रायश्चित्त, असा बारीक विचार करणाऱ्या विद्वानांचा तो काळ होता. ज्या गोष्टीस ग्रंथांत कोठेंही जागा नाहीं, अशी गोष्ट घेऊन विठ्ठलपंत त्या समाजापुढें उभे राहिले.

त्यांना हें ठाऊक नव्हतें काय? शास्त्र शिकलेल्या माणसास ठाऊक नसेल असें म्हणवत नाहीं. काशीहून आळंदीपर्यंतची पायवाट महिना-दोन महिन्यांची. प्रत्येक मुक्कामावर हा विचार मनांत आला असेल. गुरूंनीं त्यांना लोक तुझा स्वीकार करतील असें आश्वासन दिलें नव्हतें, आळंदीच्या ब्रह्मवृंदास पत्र दिलें नव्हतें. आज्ञा होती, तिच्याबरोबर संरक्षण नव्हतें.

या ठिकाणीं यहुदी धर्मग्रंथांतील एक प्रसंग शेजारीं ठेवून पाहण्यासारखा आहे. मोशे मिसर देशांतून पळून गेला होता. देवानें त्यास परत तेथेंच पाठविलें. तो गेला, फारोपुढें उभा राहिला, आणि पहिला परिणाम असा झाला कीं, विटा करणाऱ्या त्याच्या लोकांना मिळणारा पेंढा बंद झाला. विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच भरून द्यावयाची. लोक मोशेवर उलटले. तेव्हां मोशे देवाकडे गेला आणि स्पष्ट तक्रार केली कीं, मला पाठवून तूं या लोकांचें वाईटच केलेंस. त्या ग्रंथानें ही तक्रार लपविलेली नाहीं. विठ्ठलपंतांच्या कथेंत अशी तक्रार नाहीं. त्यांनीं ती केलीच नाहीं, कीं केलेली कोणी लिहून ठेवली नाहीं, हें आतां कळण्यास मार्ग उरला नाहीं. आपल्या संतचरित्रांना तक्रारीची भाषा फारशी मानवत नाहीं, एवढें मात्र खरें.

आळंदीस आल्यावर व्हावयाचें तें झालें. गांवानें त्यांना वाळीत टाकलें. वाळीत टाकणें म्हणजे केवळ बोलणें बंद होणें नव्हे. ज्या घरांत लग्न, मुंज, श्राद्ध यांना भटजी यावयाचा नाहीं, पंक्तीस कोणी बसावयाचें नाहीं, ज्या घरच्या मुलांशीं दुसऱ्यांचीं मुलें खेळावयाचीं नाहींत, तें घर गांवांत असून नसल्यासारखें होतें. विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई गांवाबाहेर इंद्रायणीकांठीं राहूं लागलीं. सिद्धबेट म्हणून ती जागा आळंदीस अद्याप दाखवितात. तेथें निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता ही चार भावंडें वाढलीं. कुंभारानें मांडे भाजण्यास खापर देऊं नये म्हणून गांवांतल्या एका प्रतिष्ठितानें खटपट केली, अशी जी कथा मुक्ताबाईंविषयीं सांगतात, तिच्यांतला चमत्कार बाजूस ठेवला तरी एका खापराची मारामार खरी वाटते.

रुक्मिणीबाईंची स्थिति या कथेंत सर्वांत विलक्षण आहे. पति परत यावा म्हणून त्यांनीं बारा वर्षें प्रदक्षिणा घातल्या, आणि पति परत आला. मागितलेलें मिळालें. पण पति काशीस असतां त्या वडिलांच्या घरीं होत्या. लोक हळहळत असतील, तरी पंक्तींत त्यांचें पान होतें. पति परत आल्यावर तें पान उठलें. प्रार्थना फळास आली आणि तिच्याच फळानें घर वाळीत पडलें. गुरूंनीं आज्ञा केली ती विठ्ठलपंतांना. तिची किंमत मात्र त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिक, ज्यांना आज्ञा झालीच नव्हती अशा पांच जिवांनीं भरली. श्रद्धा आणि आज्ञापालन यांविषयीं बोलतांना आपण बहुधा आज्ञा ऐकणाऱ्या एका माणसाचा विचार करतों. तो माणूस एकटा नसतो. विठ्ठलपंत काशीस निघाले तेव्हां हें विसरले होते. परत आले तेव्हां त्यांना त्याचा विसर पडण्याची सोय राहिली नव्हती. गुरूंनीं रुक्मिणीबाईंना न्याय दिला, याबद्दल शंका नाहीं. जन्मास यावयाच्या मुलांचा विचार त्या न्यायांत कितपत झाला होता, असा प्रश्न मात्र उरतो.

पुढें हें कुटुंब त्र्यंबकेश्वरीं गेलें. रात्रीं ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करतांना वाघ आडवा आला, सर्वांची पळापळ झाली, आणि थोरला निवृत्ति चुकून एका गुहेंत शिरला. तेथें गहिनीनाथांनीं त्यास उपदेश केला, असें परंपरा सांगते. निवृत्तिनाथांपासून तो उपदेश ज्ञानदेवांस मिळाला. कीर्तनकार येथें थांबून सांगतात कीं, पाहा, बहिष्कार नसता तर हें कुटुंब त्र्यंबकास गेलें नसतें, वाघ भेटला नसता आणि गुरुही भेटले नसते. हा युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो, पण तो फार पुढें ताणूं नये. वाट चुकलेल्या मुलास शोधीत त्या रात्रीं डोंगरावर फिरणाऱ्या आईबापांना यांतलें कांहींही ठाऊक नव्हतें.

मुंजीचें वय उलटूं लागलें, आणि विठ्ठलपंत ब्रह्मवृंदापुढें गेले. मुलांना तरी पदरांत घ्या, मला काय प्रायश्चित्त असेल तें सांगा, असें त्यांचें मागणें होतें. उत्तर मिळालें: देहान्त प्रायश्चित्त. बहुतेक चरित्रांप्रमाणें विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई मुलांना मागें ठेवून प्रयागास गेलीं आणि त्रिवेणीसंगमांत दोघांनीं देह ठेवला. प्रयागास असा देहत्याग करण्याची चाल जुनी आहे. सातव्या शतकांत आलेल्या ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूनेंही तिचा उल्लेख केलेला आहे.

या दुसऱ्या आज्ञापालनास पहिल्याच्या मापानें मोजतां येत नाहीं. पहिली आज्ञा जगण्याची होती, आणि ज्यांना टाकून दिलें होतें त्यांच्याकडे परत जाण्याची होती. तिनें दुःख आणलें, पण तें दुःख एका चुकीच्या दुरुस्तीसाठीं होतें. दुसऱ्या आज्ञेनें ज्यांच्यासाठीं परत यावयाचें होतें त्यांनाच पुन्हां टाकावयास लाविलें. जुनीं चरित्रें दोन्ही गोष्टी एकाच भक्तिभावानें सांगतात. तथापि त्या एकाच जातीच्या नाहींत. काशीच्या गुरूंनीं आपली चूक पाहून स्वतःची यात्रा मोडली होती. आळंदीच्या सभेनें असें स्वतःचें काय मोडलें, हें कोठेंही नमूद नाहीं. आणि ज्या आशेनें दोन जीव गेले, ती आशाही तेथल्या तेथें पुरी झाली नाहीं. मुलांना पैठणच्या विद्वानांकडून शुद्धिपत्र आणावें लागेल, असें सांगण्यांत आलें. चार पोरकीं मुलें आळंदीहून पैठणास चालत गेलीं. तेथील निर्णयांत, परंपरा सांगते त्याप्रमाणें, या मुलांनीं ब्रह्मचर्यानें राहावें आणि संतति वाढवूं नये असें एक कलम होतें. शके १२०९ म्हणजे १२८७ सालचें म्हणून जें शुद्धिपत्र दाखवितात, तें अस्सल आहे कीं नाहीं याविषयीं अभ्यासकांनीं शंका घेतलेली आहे. पण चौघांपैकीं कोणीही संसार केला नाहीं, ही गोष्ट सर्वमान्य आहे.

पितृऋण फेडण्यासाठीं विठ्ठलपंतांना काशीहून परत पाठविलें होतें. आपेगांवचा तो वंश पुढच्याच पिढींत संपला.

तीनशें वर्षांनंतर पैठणास याच प्रश्नाचें एक निराळें रूप दिसतें. एकनाथांना त्यांचे गुरु जनार्दनस्वामी यांनीं अनुष्ठान व तीर्थयात्रा झाल्यावर संसार करण्याचीच आज्ञा दिली होती. एकनाथांनीं संसार केला, लोकनिंदाही सोसली. पण त्यांनीं मधें संन्यास घेतलेला नव्हता, म्हणून आज्ञा जवळजवळ तीच असतां घर वांचलें. त्याच एकनाथांनीं शके १५०६ म्हणजे १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत सिद्ध केली.

ज्ञानेश्वरी ओवीबद्ध झाली ती नेवाशास, शके १२१२ म्हणजे १२९० सालीं. आईबापांची हकीकत तींत एका शब्दानेंही नाहीं. तरी पांचव्या अध्यायांत संन्यासाचें विवेचन येतें, तेव्हां वाचणारास विठ्ठलपंत आठवल्यावांचून राहत नाहींत. ज्याच्या मनांतून मीपण आणि माझेपण गेलें त्यानें घर सोडण्याचें कारण नाहीं, तो घरांत असूनच संन्यासी, असा तेथील आशय आहे. मुळांत तो गीतेचाच. पण काशीहून परत आलेल्या संन्याशाच्या मुलानें तो सांगावा, यांत कांहीं वेगळेंच ऐकूं येतें. विठ्ठलपंत सिद्धबेटावर ज्या स्थितींत राहत होते, त्या स्थितीस आळंदीकरांनीं पतन हें नांव दिलें होतें. मुलानें त्या स्थितीस दुसरें नांव असूं शकतें असें दाखविलें, आणि तेंही वाद न घालतां. तेराव्या अध्यायांत गुरुसेवेचें वर्णन आहे. तें इतकें लांबतें कीं, श्रोत्यांना मूळ विषय हातचा सुटला कीं काय असें वाटावें. ज्या घराचें गुरुआज्ञेनें एवढें झालें, त्या घरांतल्या मुलास गुरु या शब्दाचा वीट आला असता तरी कोणी दोष दिला नसता. तसें झालेलें दिसत नाहीं.

घाव दिसतो तो दुसरीकडे. ताटीच्या अभंगांचा प्रसंग असा सांगतात कीं, कोणी तरी केलेल्या अपमानानें खिन्न होऊन ज्ञानदेव झोंपडीची ताटी लावून आंत बसले, आणि धाकट्या मुक्ताबाईंनीं बाहेर उभें राहून ती उघडावयास विनविलें. सर्वांवर दया करावी असें सांगणाऱ्या माणसासही एखादे दिवशीं दार लावून घ्यावेसें वाटलें, हें त्या प्रसंगानें कळतें.

कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, म्हणजे १२९६ सालीं ज्ञानदेवांनीं आळंदीस समाधि घेतली. ज्या गांवानें त्यांच्या आईबापांना गांवाबाहेर ठेवलें, त्याच गांवांत. नामदेवांच्या नांवावरील समाधीच्या अभंगांत त्या वेळचें वर्णन आहे. तेथें निवृत्तिनाथ, जे सर्व भावंडांत शांत आणि सर्वांचे गुरु, तेही धीर सोडतात. आईबापांनीं आमचा त्याग केला तेव्हांही एवढें संकट वाटलें नव्हतें, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या तोंडीं आहेत. प्रयागास गेलेल्या आईबापांविषयीं त्या भावंडांच्या तोंडचा म्हणून जो एवढा उल्लेख परंपरेनें ठेवला, त्यांत प्रायश्चित्ताचें नांव नाहीं, गुरुआज्ञेचें नाहीं, आणि ब्रह्मवृंदाचेंही नाहीं.